पाच दिवस मुही बंद

४ ऑगस्ट, सोमवार

एकसष्ट. दोनदा करून पाहिलं, तरी एकसष्टच! पंचेचाळीसच्या वर नायट्रेट गेलं की पाणी पिण्याचं राहत नाही, आणि बाबांच्या वावराखालचा नाला एकसष्ट दाखवून राहिला. तो नाला खारून नदीले मिळतो. खारूनचं पाणी रायपूरच्या नळाले येते. म्हणजे माझ्या माठातही तेच.

शहरात कोणालेही विचारा, नदी कोणी नासवली — सगळे कारखान्याकडे बोट दाखवतात. बरं असते, कारखाना आपला नसतो. अभनपूरकडची ती सात वावरं मात्र आपल्याच माणसांची आहेत. एकाखाली एक, नाल्यापर्यंत उतरत गेलेली. सहावं बाबांचं — रेल्वेतून रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेलं. युरिया शिंपडतात आणि बांधातली मुही उघडीच ठेवतात. त्या हातभर खाचेतून वरच्याचं पाणी खालच्याच्या वावरात, तिथून त्याच्या खालच्याच्या, सातव्यातून सरळ नाल्यात. अर्धं खत धानाले, अर्धं नदीले.

५ ऑगस्ट

आमच्या पाणी-तपासणीच्या लॅबमध्ये यज्ञेश्वर साहेबांनी बाटली पाहिली. "रीना मैडम, ये सैंपल किसने मंगाया?" कोणीच नाही, मीच आणला. "तो रजिस्टर में मत चढ़ाइए."

नाही चढवत. इथे लिहिला — ४ ऑगस्ट, एकसष्ट. ही वही काही त्यांच्या कपाटात जात नाही.

६ ऑगस्ट

बाबांले सांगितलं. सातही जणांनी एकाच दिवशी युरिया टाकायचा आणि पाच दिवस सगळ्यांनी मुही बांधून ठेवायची. खत जागच्या जागी मुरते. कोणाचंच नुकसान नाही.

बाबांचा घास हातातच राहिला. "मुही बांधणं म्हणजे खालच्याशी वैर घेणं, पोट्टी." चौतीस वर्षांची झाली मी, अजून पोट्टीच. म्हटलं, सगळेच बांधून राहिले तर वैर कसलं? तर म्हणे, "तुले नाही समजणार." मग बी.एस्सी. केलं ते काय भाजी निवडायले?

चिडूनच उठली. भांडी जरा जास्तच आपटली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी टाकून वावराच्या गावात गेली. पंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच — "काबर?" काहून बांधायची मुही? आजवर कोणी बांधली?

पहिलं वावर भैय्यालालचं, खताचं दुकानही त्याचंच. तो पाय पसरून बसला होता. "हमर खेत, हमर खातू, तोला का परे हे?" म्हटलं, तुमचं खातू माझ्या नळातून येऊन राहिलं भैया, म्हणून पडली आहे मले. बाया हसल्या. त्यानं पाय आवरून घेतले.

सरपंच कलावतीबाई कमी बोलतात. म्हणाल्या, "एक बार करके देखते हैं. पंद्रह अगस्त की ग्रामसभा में नंबर बताना. घटा तो पूरे नाले के गाँवों से बात मैं करूँगी. नहीं घटा, तो ये बात दोबारा मत लाना." मंजूर. नाल्यावर बारा गावं आहेत.

शेवटी नत्थूकाकांनी हात वर केला. सातवं वावर त्यांचं, अगदी नाल्याले लागून, रेताड. "दीदी, मोर खेत म पानी कमती हे." म्हटलं, पाच दिवसांत धान मरत नाही काका. ते खाली बसले.

१० ऑगस्ट, रविवार

टाकला युरिया! सातही वावरांत, दुपारच्या आत. मग मुह्या बांधल्या, चिखल आणि गवत कोंबून. मी स्वतः गुडघाभर चिखलात. बाबांनी आपली सर्वात शेवटी बांधली. बांधून झाल्यावर बराच वेळ खाली नत्थूकाकांच्या वावराकडे पाहत उभे होते.

कंबर गेली कामातून. पण चांगलं वाटून राहिलं.

१२ ऑगस्ट

बावीस.

पुन्हा लिहिते — बावीस. एकसष्टचं बावीस, दोन दिवसांत, नुसत्या चिखलानं. साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आली. त्यांनी वाचली आणि पेपरवेटखाली सरकवली. सरकवा.

१३ ऑगस्ट

पाऊस नाही. ढग येतात, डोकावून जातात. बाबा दुपारच्या बसनं वावरावर गेले. कशाले, तर "धान पाहायले."

१४ ऑगस्ट, गुरुवार

अठ्ठावन.

सकाळीच गेली होती बाटली भरायले. नत्थूकाकांचा नाल्याकडचा बांध फुटलेला, पाणी धो धो नाल्यात, आणि ते एकटेच फावड्यानं माती लोटून राहिले होते. वावर काठोकाठ भरलेलं. परवापर्यंत कोरडं होतं, मग पाणी आलं कुठून?

बाबांच्या मुहीजवळ गेली. बांधलेली होती, पण चिखल ओला, ताजा. आणि त्या चिखलात नत्थूकाकांच्या अनवाणी पायांचे ठसे, सरळ खालपर्यंत. सगळं समजलं. उघडली, पाणी घेतलं, परत बांधून ठेवली. विचारलं, तुम्ही हात लावला ना मुहीले? "हव," म्हणाले, मान खाली घालून. एवढंच.

एक दिवस! एका दिवसासाठी घात केला माणसानं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, बुंदी, मग ग्रामसभा. आकडा लपवला नाही. अठ्ठावन म्हणून सांगितलं, आणि का झालं तेही. नाव घेऊन. पाणीचोर म्हटलं मी त्यांले, सगळ्या गावासमोर. ते हात जोडून उभे होते.

भैय्यालाल पोट धरून हसला. कलावतीबाई म्हणाल्या, "बात खतम." बाबा मागे बसले होते, मध्येच उठून बसस्टँडकडे चालायले लागले.

बारा गावं हातची गेली. राग उतरत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

बाबांनी सकाळी ताट सरकवलं आणि म्हणाले, "मुही मी उघडली."

मले वाटलं, माझी समजूत घालून राहिले. मग एकेक सांगत गेले. नत्थूचं वावर तडकलं होतं. तो बांधावर बसून होता, मागत नव्हता. तो घरी जेवायले गेल्यावर बाबांनी मुही उघडली. त्याच्यासमोर उघडली असती तर त्याले भीक वाटली असती, म्हणे. तासाभरात बांधीन म्हणत थांबले, तर शेवटची बस आली. तशीच सोडून निघाले.

"माझा बाप भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात विहिरीपासून लांब बसायचा. कोणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. नाहीतर बसून राहायचं. मी वरच्या अंगाले उभा आणि खालचा माणूस कोरडा — मले नाही जमलं, रीना."

ओरडली मी. काल काहून नाही बोललात? "लाज वाटली. तुझं काम बुडवलं मी." मग रडू आलं, त्यांच्यावर नाही, माझ्यावरच. पाच दिवसांत धान मरत नाही — कोण बोललं होतं ते? जिचं वावरच नाही ती.

विचारलं, मग परत कोणी बांधली मुही? "मले काय माहीत."

पण एकसष्ट म्हणजे एकसष्टच. ते मी सोडणार नाही. आधी शेवटचं वावर भरायचं, मग युरिया, मग सगळ्या मुह्या बंद. एवढी साधी गोष्ट होती, नत्थूकाका सांगतही होते. कलावतीबाईंनी "बात खतम" म्हटलं असेल. मी नाही म्हटलं. उद्या त्याच ओट्यावर उभी राहते. जिथे त्यांचं नाव घेतलं, तिथेच माझं घेते.

१७ ऑगस्ट

घेतलं. बाबा सोबत उभे होते.

मग नत्थूकाकांच्या अंगणात गेली. पाया पडू देईनात. त्यांनी त्या दुपारी बाबांले मुही उघडताना झाडाआडून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधी ती बांधली त्यांनीच, बाबांवर आळ येऊ नये म्हणून. म्हटलं, मी चोर म्हणाली तरी बाबांचं नाव काहून नाही घेतलं काका?

"पानी देवइया के नाव काबर लेतेंव, दीदी?"