दादाच्या अँपवरचे ठिपके

२८ सप्टें., रवि.
उद्या सांगलीत नवरात्राचा कार्यक्रम. माझ्या गिटारसाठी दादाचा व्हॉल्व्हचा अँप (अँप्लिफायर) नेतोय. 'घरी वाजव, आष्ट्याबाहेर न्यायचा नाही' असं तो सीमेवर ड्यूटीला जाताना बजावून गेलाय. विचारलं नाही. फोन लागत नाही म्हणून. (लागला असता तरी... जाऊ दे.)

संध्याकाळी तालमीला बँडची पोरं आली नि अँपच्या पाच बटणांवरचे लाल ठिपके बघून फिदीफिदी हसली. ड्रमर म्हणाला, "काय रं, अजून भावाचं बोट धरून चालतोस व्हय?" ठिपके दादाचे. गेल्या सुट्टीत आठवडाभर कान लावून त्यानं आवाज जमवला आणि कुठलं बटण कुठवर फिरवायचं त्याच्या खुणा वहिनींच्या नेलपॉलिशनं केल्या. मला झोंबलं. थिनरचा बोळा घेतला नि सगळे पुसून टाकले.

२९ सप्टें.
कार्यक्रम झाला. ट्रेबलचं बटण चढवलं, व्हॉल्यूमचं पार शेवटपर्यंत. टाळ्या मिळाल्या. आवाज मात्र पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. कुणाला सांगितलं नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी
कोयते, खुरपी, वहिनींचं शिलाई मशीन, दादाचा अँप, सगळं पूजेला मांडलं. वहिनींनी अँपला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल. आई पूजा दाखवत होती. तो एकदम, "बटणावरचं ठिपकं कुठं गेलं?"

आई लगेच: "हिनंच पुसलं असंल. सकाळपासनं ओलं फडकं घिऊन फिरतीया."
वहिनी: "आवं, मी नुसतं वरनं..."
दादानं पुरतं ऐकलंच नाही. "एक वस्तू धड ठेवता येत न्हाई तुला!"

मी शेजारीच. आरतीचं ताट हातात, तोंडात मिठाची गुळणी.

४ ऑक्टो.
वहिनी नेहमीसारख्या चहा देतात. आज कप ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, "भावजी, नेलपॉलिश पाण्यानं निघत न्हाई."
मी म्हणालो, "हो का?"
हो का! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

२० ऑक्टो.
दादा सुट्टीवर आलाय. सकाळपासून अँपपुढे मांडी ठोकून. आधी व्हॉल्व्ह तापू दिले, मग मला म्हणाला, "तू समोर बस, ऐक." एक बटण सुधारलं की दुसरं बिघडतं. बास वाढवला की घुमतं, ट्रेबल वाढवला की मधला आवाज पातळ होतो. त्याला जुनाच हवा: तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर कडेनं किंचित फाटणारा.

मला सगळ्या जागा पाठ. वर्षभर त्याच ठिपक्यांवर वाजवलंय. जेवणापर्यंत त्याची तडफड बघितली, मग राहवेना. म्हणालो, मिडल अजून चढव. ट्रेबल निम्म्याच्या खाली घे. व्हॉल्यूम थोडा मागं. आणि आला आवाज! दादानं पाठीत धपाटा घातला. "लय तयार कान हायत गड्या तुझं. तू हायेस म्हणून, न्हाईतर हिनं वाटच लावली हुती."
वहिनी दारात कणकेच्या हातानं उभ्या होत्या. आत गेल्या.

२२ ऑक्टो., पाडवा
वहिनींनी दादाला ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकताना तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "ठिपक्यांचं बी माफ केलं, जा!" आई हसली. वहिनींनी मान खाली घातली, मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.
न केलेल्या चुकीची माफी मिळाली त्यांना. माझ्यामुळं. दादा जायच्या आत सांगायचंच.

२९ ऑक्टो.
दादा गेला. स्टँडवर मीच सोडायला होतो. काल त्यानं नवे ठिपके माझ्याच हातानं लावून घेतले. गाडीत चढताना म्हणाला, "आता तिला हात लावू दिऊ नगंस." तोंडाशी आलं होतं. कंडक्टरनं दार ओढलं. खरं तर त्याच्या आधी भरपूर वेळ होता.

२ नोव्हें., रवि.
दादाचा फोन, पोचल्याचा. वहिनी बोलत होत्या. मधेच म्हणाल्या, "थांबा, भावजींना कायतरी सांगायचंय तुमास्नी." फोन माझ्या हातात दिला नि तिथंच उभ्या राहिल्या.
पलीकडून दादा: "बोल रं."
मी विचारलं, तिकडं थंडी पडली का.