पुलानंतरचा थांबा

बाबा, तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला बसले आहे ते डाव्या हातानं. अक्षर पाहून तुम्ही नक्की म्हणाल, "कोंबडीचे पाय काढून राह्यली काय वं?" पण काय करणार, उजवा हात अजून रुसलेला आहे. शब्दही रुसतात. एखादा येतो, एखादा दारात उभा राहतो आणि आत यायचं नाव घेत नाही. मग मी तेवढी जागा मोकळी सोडते आणि दुसऱ्या दिवशी भरते. हे पत्र असंच किती सकाळी मिळून झालं आहे ते विचारू नका. दुपारी लिहू म्हटलं तर जमत नाही, दुपारपर्यंत मी संपलेली असते.

तुम्हाला झालं होतं तेच मला झालं. तेव्हा आपण त्याला लकवा म्हणायचो, आता मी पक्षाघात म्हणायला शिकले आहे आणि बोलणं गेलं त्याला वाचाघात म्हणतात. स्वयंपाकघरात पिठलं हलवत होते. मुलीला म्हटलं, "खडू दे गं जरा." ती हसली. म्हणाली, "आई, शाळा सुटली ना आता, कायचा खडू?" मला मीठ हवं होतं. मी पुन्हा म्हटलं, खडू. चिडून म्हटलं, खडू. तेवढ्यात हातातली पळी खाली पडली, आणि तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं तशी तिचं हसू गेलं. पंचवीस वर्षं मास्तरकी केलेली बाई मी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा माझ्याजवळ दोन शब्द उरले होते, "हो" आणि "खडू", आणि "हो"सुद्धा नाही म्हणायचं असेल तेव्हा यायचं. सगळं कळत होतं बाबा. कोण आलं, कोण खोटं रडतंय, सगळं. फक्त बाहेर पडायची वाट बंद होती.

पहिल्याच आठवड्यात मला तुमची खाट आठवली. उमरखेडच्या आपल्या घरात, पडवीतली. तुम्ही अंघोळ करून आलात की त्या खाटेवर पडायचात आणि दुपारपर्यंत उठत नव्हतात. आई म्हणायची, "हातपाय तं चालतेत, मंग झोपायले काय झालं?" कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कोणी म्हणालं आळस भरला, कामावर जाणं नको म्हणून सोंग करतात. मीही म्हणत होते. "बाबा, उठा ना, किती झोपता," असं मी तुमच्या अंगावर ओरडले आहे, एकदा नाही, रोज. आता मला दात घासून झाले की पडावं लागतं. पाहुणे दहा मिनिटं बसले तरी डोक्यातला दिवा कोणी बटण दाबून बंद केल्यासारखं होतं. झोप वेगळी आणि हे वेगळं. तुम्ही त्या खाटेवर झोपत नव्हता हे समजायला मला स्वतःला खाटेवर पडावं लागलं. इतकी मठ्ठ पोर तुमच्या पोटी कशी आली कोण जाणे.

यवतमाळला ज्या दवाखान्यात मी जाते तिथे डोक्याला पट्टा बांधतात. पट्ट्याखाली ओल्या स्पंजाचे दोन तुकडे, त्याला वायर, आणि त्यातून अगदी बारीक वीज सोडतात. घाबरू नका, शॉक नव्हे. मुंग्या चावल्यासारखं होतं, मग तेही कळत नाही. डॉक्टर सरळ माणूस आहेत. म्हणाले, "ही जादू नाही. वीज चालू असताना बोलण्याचा सराव केला तर काही जणांना मदत होते, काहींना होत नाही. थकव्यालाही करून पाहू, पण शब्द देत नाही." मला हसू आलं. शब्द देत नाही म्हणे, आणि मी तर शब्दच मागायला आले होते. सराव घेणारी मुलगी मारेगावकडची आहे, माझ्या लेकीएवढी. मी चुकले तरी तिचा चेहरा बदलत नाही. मी मास्तरीण असून मला हे कधी जमलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, तुमाले तोंडपाठ काय येते? पाढे, वार, आरती, काहीबी. जे रोज म्हणून म्हणून घोटलं असते ना, ते डोक्यात दुसऱ्या जागी राह्यते. ते लवकर जात नाही. तिथूनच रस्ता काढू आपण."

मी वार म्हणून पाहिले, बुधवारच्या पुढे गाडी सरकेना. वर्गाची हजेरी तर दरवर्षी बदलते. मग ती म्हणाली, डाव्या हातानं टेबलावर ठेका धरा, ठेक्यासोबत शब्द येतात. मी ठेका धरला, टक, टक, आणि तोंडातून निघालं, "नाका." तिला वाटलं मी चेहऱ्यावरचं नाक म्हणते आहे. मी मान हलवली. टक, टक. "जिनिंग." टक, टक. "पूल." आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण तो ठेका माझा नव्हता. तो तुमच्या चिमट्याचा होता.

तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा तुम्ही बसच्या दांडीवर वाजवायचात, दोनदा, आणि मग हाक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुमच्या ढाणकीच्या गाडीत बसायची, तुमच्या सीटवर, खिडकीशी. एक थांबा तुम्ही म्हणायचात, पुढचा मी. नाका, जिनिंग, पूल, फाटा, तांडा, ढाणकी. एकदा मी शहाणपणा केला आणि सगळे थांबे एका दमात ओरडून टाकले. लोक हसले, तुम्ही नाही हसलात. गाडी रिकामी झाल्यावर म्हणालात, "हाक काय खेळ आहे काय वं? ज्यायले पाटी वाचता येत नाही त्यायच्यासाठी द्या लागते ते. हाक देल्ली का थांबावं. कोणी उठते का पाहावं. मंग घंटी." मी फुरंगटून बसले. मग ढाणकीला तुम्ही मला भजी घेऊन दिली, आणि परतीच्या गाडीत तो चिमटा माझ्या हातात दिलात, दांडीवर वाजवायला. त्या दिवशी गाडीत माझ्याएवढं मोठं कोणी नव्हतं.

लकवा झाल्यावर तुमच्याजवळ एवढेच शब्द राहिले. भूक लागली तरी "नाका", पाणी हवं तरी "नाका, जिनिंग". बोटांनी खाटेच्या लाकडावर ठेका, मग हाक, मग थांबून आमच्या तोंडाकडे पाहणं. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. शेजारची पोरं खिडकीतून ओरडायची, "कंडक्टर, ढाणकी आली काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परवा मी त्या मारेगावच्या मुलीला हे सगळं अडखळत सांगितलं. तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मॅडम, तोच तं रस्ता होता त्यायचा. रोज कोणी सोबत म्हटलं असतं, अटकले तिथं पहिलं अक्षर देल्लं असतं, तं अजून शब्द निघाले असते कदाचित." कदाचित, असं म्हणाली ती. ती खोटं बोलत नाही.

मला पाहायला पाहुणे आले होते तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी वीस वर्षांची, आईची हिरवी साडी नेसलेली. तुम्हाला आतल्या खोलीत बसवलं होतं, पण तुम्ही धुतलेला सदरा घालून, हळूहळू चालत बाहेर आलात आणि पाहुण्यांसमोर उभे राहिलात. लेकीला पाहायला माणसं आली होती, तुम्हाला त्यांना "या, बसा" म्हणायचं होतं. आज मला ते लख्ख दिसतं. तुम्ही दाराच्या चौकटीवर ठेका धरलात. "नाका. जिनिंग. पूल." आणि अडलात. "पूल... पूल..." पाहुण्यांतला एक जण हसला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी उठले, तुमचा दंड धरला, आत नेलं आणि म्हटलं, "चूप बसा ना बाबा, लाज वाटते मले." त्यानंतर तुमच्या तोंडून एकही थांबा आला नाही. पुढच्या पोळ्यापर्यंत होतात, पण मुके होतात. त्या लोकांनी आईची भजी दोनदा मागून खाल्ली आणि नकार कळवला तो वेगळाच.

आता मीही पुलावर अडते. बाकीचं बोलणं हळूहळू येतं आहे, मिठाला मीठ म्हणते, लेकीचं नाव घेते, जूनमध्ये वर्गावर जाऊन पाहायचं मनात आहे. पण ठेक्यावर थांबे म्हणायला लागले की पुलानंतर जीभ जड होते. ती मुलगी मला पहिलं अक्षर देऊ शकत नाही, तिला तो रस्ता माहीत नाही. माहीत असलेली माणसं दोनच होती. काल घरी तुमचा चिमटा काढला, गंजला आहे, तरी वाजतो. पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवला, हाक दिली आणि तुम्ही सांगितलं होतं तशी थांबले.

हे कागद मी चिमट्यासोबत डब्यात ठेवणार आहे. कुठे पाठवणार म्हणा. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवसाबद्दल मी आईला, नवऱ्याला, सगळ्यांना आजवर हेच सांगत आले की बाबा काय बोलत होते ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. मला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते पुढचा थांबा मागायला, आणि तो माझ्या ओठांवर होता.

फाटा, बाबा. पुलानंतर फाटा.