अपेक्षित साडेतीन

अंबाजोगाई,
शुक्रवार, ३ मे २०१३

प्रिय मोहन,

‘प्रिय’ लिहिलं गेलं ते हाताच्या सवयीनं. खोडणार होते, पण सुरुवातच खाडाखोडीनं नको म्हणून राहू दिलं. रविवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बंकटच्या जीपनं पाठवतेय. त्याला बजावलंय की मोहनच्या हातात दे, सोसायटीच्या टेबलावर ठेवू नकोस. तिथं तुझी पत्रं तुझ्याआधी चेअरमन अर्जुनराव वाचतात, हे मला ठाऊक आहे.

तुझा अहवाल वाचला. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, बत्तीस पानं. गुरांना पेंडीभर उसाचे वाढे मिळत नाहीत आणि सोसायटीचा सचिव सोनेरी अक्षरं छापून घेतो. आणि पहिल्याच पानावर ‘मार्गदर्शन : प्रा. शिवकन्या, संख्याशास्त्र विभाग’. मला विचारायची गरजही वाटली नाही तुला. बहिणीचं नाव म्हणजे घरचाच माल, केव्हाही काढावा आणि वापरावा, असंच ना?

तू काय केलंस ते तुलाच पुन्हा सांगते, कारण तू ते स्वतःशीही नीट बोलला नसशील. सोसायटीच्या चारा छावणीत जनावरं घ्यावीत म्हणून दोनशे कुटुंबांनी अर्ज केले. ऐंशी बागाईतदार, एकशे आठ कोरडवाहू आणि बारा माळावरच्या वस्तीवरची, मेंढ्या-गुरं राखणारी. बागाईतदारांतल्या साठ जणांना जागा मिळाली, कोरडवाहूंतल्या एकोणऐंशींना. वस्तीवरच्या बारांतून दोघांना, आणि ते दोघंही अर्जुनरावांच्या शेतावरचे सालगडी. उरलेल्या दहांना म्हणे सातबारा नव्हता. ज्यांना जमीनच नाही त्यांच्याकडे सातबारा मागायचा, म्हणजे टकल्याला भांग कुठल्या बाजूला पाडतोस ते विचारायचं. त्या दहांनी तक्रार केली, चौकशी लागली, आणि अर्जुनरावांनी तुला सांगितलं की भेदभाव झाला नाही हे आकड्यांनी सिद्ध करून दे. तू दिलंस.

तुला आठवतं का रे, ही काय-स्क्वेअर चाचणी तुझ्या डोक्यात शिरावी म्हणून मी काय काय केलं होतं? बी.कॉम.च्या त्या पेपरात तू दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास. शेवटी मी तुला पाझर तलावावर नेलं आणि वस्तीवरच्या सटवामामांना दाखवलं. मामा संध्याकाळी मेंढ्या मोजत नसत. नुसती नजर फिरवत आणि कोण आलं नाही ते सांगत. मी तुला म्हटलं, हेच ते. किती यायला हव्या होत्या आणि किती आल्या, यातली तफावत. ती थोडी असली तर योगायोग म्हणून सोडून द्यायची, फार असली तर उठून शोधायला जायचं. तुझा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, माझं शिकवणं सार्थकी लागलं. त्याच दिवशी तिथं दोन कळप पाण्यावर एकमेकांत मिसळले. एक मोठा, दुसऱ्यात जेमतेम वीस मेंढ्या. मामांनी शीळ घालून आधी त्या वीस बाजूला काढल्या. तू विचारलंस, मोठा कळप आधी का नाही? मामा म्हणाले, “थोडकी हायती म्हनून आदी काडायची. लई मोट्या कळपात थोडकी हारवत्यात, बाळा.” हे तू विसरलास. मी विसरले नव्हते, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

तर तुझा तक्ता. काहीच भेदभाव नसता, तर दोनशेंत एकोणसाठ नकार या प्रमाणात वस्तीवरच्या बारा कुटुंबांपैकी किती जणांना जागा नाकारली गेली असती? साडेतीन. तुझ्या अहवालाच्या एकोणिसाव्या पानावर हा आकडा आहे. आणि त्याच्याच खाली तू लिहिलंस की अपेक्षित आकडा पाचापेक्षा कमी असल्यानं नियमानुसार हा वर्ग शेजारच्या वर्गात मिळवण्यात येत आहे. वस्तीची ओळ पुसली, बारा कुटुंबं एकशे आठांत ओतली आणि वर नाव दिलंस ‘कोरडवाहू व इतर’. मग उत्तर आलं एक पूर्णांक तीन. फरक दखल घेण्याजोगा ठरायला तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या पुढं जायला हवं होतं. सिद्ध झालं, भेदभाव नाही, अर्जुनराव धुतल्या तांदळासारखे. मी तोच तक्ता ओळ न पुसता केला. उत्तर आलं जवळपास अठरा, आणि तिथं सहाच्या पुढचं काहीही पुरेसं होतं. नाकारायला हवे होते फार तर तीन-चार, नाकारले दहा. वाईट थोडंच व्हायला हवं होतं म्हणून झालेलं वाईट मोजायचंच नाही, हा कुठला न्याय? आणि ‘इतर’ कोण रे? आई टायफॉइडनं पडली तेव्हा दीड महिना तुझ्यासाठी रोज दूध घेऊन येणारी सटवामामांची बायडामामी ‘इतर’?

रविवारी मी वस्तीवर गेले होते. केजहून युसूफ वडगावपर्यंत जीप, पुढं चालत. छावणीचं फाटक वस्तीवरून दिसतं, हे तुला माहीत असेलच. गुरं तिकडंच तोंड करून उभी असतात, वाढ्यांचा वास येतो त्यांना. जानेवारीत त्या दहा घरांची त्रेचाळीस जनावरं होती. मी मोजली, छत्तीस भरली. मामांनी नेहमीसारखी मोजली नाहीतच. बाभळीला टेकून ते म्हणाले, “कपिली न्हाई. मोरी न्हाई. हिची तांबडी न्हाई.” अशी सात नावं घेतली. तीन बाजारात गेली, चार बसली ती उठली नाहीत. मामांचा आवाज चढला नाही, तुझं नावही त्यांनी घेतलं नाही. बायडामामीनं तेवढं विचारलं, “मोहनला म्हाईत हाय ना पन हे?” मग तिनं चहा केला, दुधाचा. मी नको म्हणायला हवं होतं. मी प्यायले.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला आणि तू काय म्हणालास? “ताई, नियम तूच शिकवलास. मी वहीत लिहून घेतलाय.” मी फोन आपटला. तेव्हापासून पाच दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या घालतेय. लबाड म्हणाले, अर्जुनरावांचं पायपुसणं म्हणाले. त्यातला एकही शब्द मागं घेत नाही. तू ती ओळ पुसलीस ते नियमासाठी नव्हे. नियम तुला सोयीचा मिळाला, इतकंच. कोण कोणात मिसळतंय हे तुला चांगलं ठाऊक होतं.

पण आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. पाडव्यानंतरच्या आठवड्यात चौकशी अधिकाऱ्यांचा मला कॉलेजात फोन आला होता. अहवालावर माझं नाव होतं म्हणून. त्यांनी इतकंच विचारलं की बाई, अपेक्षित आकडा पाचाच्या खाली गेला तर वर्ग एकत्र करतात, हे बरोबर आहे का? स्टाफरूम भरलेली होती. माझ्या भावाचा अहवाल सरकारदरबारी वाचला जातोय, म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, अगदी बरोबर, नियमच आहे तो. कोणाला कोणात मिळवलं, हे मी विचारलं नाही. सारख्याला सारख्यातच मिळवायचं, आणि ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याला तर कधीच मिळवायचं नाही, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग मी सांगितला नाही. तुलाही कधी शिकवला नव्हता. वीस वर्षांत कुठल्याच वर्गाला शिकवला नाही, कारण परीक्षेत तो येत नाही. माझ्या त्या एका ‘बरोबर’वर वस्तीची तक्रार निकाली निघाली. जी चार उठली नाहीत, त्यातली तीन त्या फोननंतरची. बायडामामीची तांबडी त्यातलीच. हे मला तिच्या चुलीपुढं बसून कळलं, आणि कळल्यावरही मी कप खाली ठेवला नाही.

वस्तीनं पुन्हा अर्ज केलाय. सोमवारी अकरा वाजता केजला सुनावणी आहे. मी तिथं उभी राहून सांगणार आहे की माझा शब्द चुकला, आणि हा घ्या ओळ न पुसलेला तक्ता. सटवामामा समोर असतील, त्यांच्यादेखत सांगणार. त्यानं तुझी नोकरी जाईल, कदाचित माझंही हसू होऊन राहील. छत्तीस जनावरं मात्र फाटकाच्या आत जातील. तू अर्जांचं मूळ रजिस्टर घेऊन आलास तर आपण दोघं सांगू. नाही आलास, तर मामा नजर फिरवतील आणि कोण आलं नाही ते त्यांना कळेल.

तू न विचारता जिचं नाव छापलंस, ती
तुझीच,
ताई