बिनकानाचा रातकिडा

४ नोव्हेंबर
फर्स्ट शिफ्ट. सुटल्यावर थेट संत तुकाराम नगर, सरांकडे. रिटायर होऊन जमाना झाला तरी मला अजून वर्गातला पोरगाच समजतात. पण मायक्रोस्कोप त्यांचा. निघोज्याच्या माळावरचे अकराही किडे पाहिले. रातकिड्याला कान पुढच्या पायावर असतो, गुडघ्याखाली. ह्यांना नाहीच. सर म्हणाले, "नवी जात नाही रे, जातींचा अख्खा नवा गट, नवा जीनस!" पंधरा वर्षं कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजतोय. हे पहिल्यांदा काहीतरी माझं.

१९ नोव्हें.
निघोजे. माळ गेला. सोपानतात्यांनी विकला, मुरूम टाकून रोलरही फिरला. शेड होणार. माद्या मिळाल्याच नव्हत्या, आता कुठल्या मिळायला!
तात्या म्हणाले, "किडं व्हय? आदी सांगायचं राव. दोन दिस डंपर थांबीवला असता."
सांगितलं नव्हतं. बोभाटा झाला तर दुसरा कुणी येऊन उचलेल, ही भीती. अतिशहाणा.

२ डिसें.
लेख जर्नलला पाठवला. सरांचं नाव आधी, माझं मागून. किडे शोधत उन्हात पालथा पडलो मी. पण त्यांच्याशिवाय मला विचारतो कोण? गिळलं.

२१ जाने.
लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाची मेल. एकच प्रश्न: गोळा केलेले सर्व नमुने बिनकानाचेच होते काय?
नव्हते. तेरा पकडले होते. दोघांच्या पायावर कानाच्या जागी पुसट खळगा होता. फेकून दिले. क्वालिटीतली सवय, पीस ड्रॉइंगला बसला नाही की रिजेक्ट. हात आपोआप गेला. ड्रॉइंग तरी कुणाचं? माझ्याच डोक्यातलं. मूर्ख, मूर्ख.

२२ जाने.
सरांना सगळं सांगितलं. चहाचा कप खाली ठेवला नाही त्यांनी.
"तेरा होते हे कुणाला माहितीय? तुम्हालाच ना? मग अकरा होते."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाले. चीड आली. त्यांची कमी, माझी जास्त.

२५ जाने.
सुट्टी घेतली. बायकोला, रुबिनाला म्हटलं, पोट बिघडलंय. खरं लिहिलं तर जीनस गेला. खळगा म्हणजे कान झिजत आलेला, जुन्याच जीनसमधली एखादी जात असणार. खोटं लिहिलं तर पकडणारा कुणी नाही. माळावर आता काँक्रीट आहे.
तात्यांना इतके दिवस मनातून शिव्या घालत होतो. आज सकाळी, दात घासताना, माळ गेला ते बरंच झालं असं वाटून गेलं. किळस आली स्वतःची.
रुबिना आत्ताच विचारून गेली, "उत्तर पाठवलं का?" तज्ज्ञाच्या मेलला 'होय' टाइप करून ठेवलंय. पाठवलं नाही. खोडलंही नाही.