शाई नसलेलं बोट

४ जून २००९, हाउन्सलो, लंडन

मतदान सक्तीचंच करायला हवं, असं आज बाबांना बोलून बसले. उद्धटपणा झाला का? पण मत देणं हे कर्तव्य, हे लहानपणी त्यांनीच तर शिकवलं. आता इथल्या खासदारांच्या खोट्या खर्चाच्या बिलांच्या बातम्या वाचून ते इतके वैतागलेत की म्हणाले, "सगळे सारखेच. मी येत नाही. कर मला दंड!"

शेवटी आई आणि मी दोघीच गेलो. आईचं इथलं पहिलंच मतदान. मतपत्रिका घ्यायच्या आधी तिने सवयीने डाव्या हाताचं बोट टेबलामागच्या बाईंपुढे धरलं. शाईसाठी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या.

घरी आल्यावर आईने तेच बोट बाबांना दाखवलं. "अहो, इथे खूणच करत नाहीत. कोण गेलं, कोण नाही, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना," बाबा पुटपुटले.

जेवणानंतर पाहिलं, तर दारातले त्यांचे बूट गायब. अर्ध्या तासाने आले आणि आपलं कोरं बोट माझ्या नाकासमोर धरलं. हसत होते.

सक्ती असती, तर असे हसत आले असते का?