नून, पानी आणि तुझं पित्तर

आई, तुझी नातसून नेपाळची आहे. नातू पुण्यात ज्या दवाखान्यात कामाला होता तिथेच ती नर्स होती. लग्न करून दोघं आता शिरपूरला माझ्याजवळ राहायला आली आहेत. घरात तिला सासू नाही, त्यामुळे मराठी शिकवायचं ते मीच, आणि बदल्यात ती मला नेपाळी शिकवते. सध्या फक्त नामं. स्वयंपाकघरात ती एकेक वस्तू उचलते आणि मी म्हातारा तिच्यामागे घोकतो. मीठ म्हणजे नून, सरपण म्हणजे दाउरा, झाडू म्हणजे कुचो. तांदूळ चामल, पण शिजला की भातच. एकाचे पुष्कळ करायचे तर शेवटी 'हरू' जोडायचं, माणूस मान्छे, माणसं मान्छेहरू. पाण्याला पानी, घराला तर घरच. बरीचशी भाषा ओळखीची निघाली, आणि तेव्हापासून तुझी चीड जास्तच यायला लागली आहे.

जऊळक्याचं स्टेशन आठव. मी लहान होतो, उन्हानं घशाला कोरड पडली होती, आणि तिथल्या नेपाळी चौकीदारानं मला त्याच्या लोट्यातलं पाणी दिलं. तू धावत येतेस, लोटा हिसकतेस. "काहून पेला त्याच्या हातचं?" म्हणतेस आणि माझ्या घशात बोट घालून सगळ्यांदेखत ओकायला लावतेस. तो माणूस खाली पडलेला लोटा उचलून पुसत राहतो. मला त्या पाण्याची किळस कधीच आली नाही. तुझ्या बोटाची आली, आणि अजूनही येते.

आज तुझं पित्तर होतं. सुनेनं मला विचारून विचारून उडदाचे वडे तळले, कढी केली. केनवडहून आत्या, तुझी नणंद, आली. तिनं परातीत डोकावलं आणि नाकाला पदर लावला. "हिच्या हातचं वयनीले चालन का? मी दुसरे तयतो," म्हणाली, आणि पोरीला बाहेर काढून तिच्याच चुलीवर तळायला बसली. सुनेला मराठी अजून फारसं येत नाही, पण तो पदर तिला बरोबर समजला. तिनं बॅग भरायला घेतली. पुण्याला परत जाऊ म्हणाली. तुझा नातू नुसता उभा. शिसारी आली मला सगळ्यांची.

मी आत्याचे वडे झाकून ठेवले. सुनेला बोलावलं, तिच्याच हातानं पत्रावळ वाढायला लावली आणि छपराच्या टिनावर नेऊन ठेवली. आत्यानं बजावलं, कावळा शिवणार नाही. मी खाली उतरतो न उतरतो तोच कावळा आला, दोन वडे फोडून गेला. आत्या कढी ढवळायला लागली. सून म्हणाली, "काग." मीही म्हटलं, काग. तिनं बॅग खाटेखाली सरकवली.

पोरांना वाटलं, मी आनंदलो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. सुनेच्या हातचं तू शिवणार नाहीस, याची मला आत्याइतकीच खात्री होती. तू उपाशी जावीस म्हणूनच मी ते पान ठेवलं होतं.