व्हर्नाताईचा लहान कॅमशाफ्ट

बे सिटी, मिशिगन
९ मे १९८८

चि. लेलंड यास ताईचे आशीर्वाद. हे पत्र आधी तुझ्या बायकोला, नेडीनला, वाचून दाखव, कारण तू अर्ध्यावरच भडकणार आहेस.

माझ्या पाँटिअ‍ॅक गाडीचं इंजिन खोललंय. वीस वर्षं चालवली, शेवटी धूर ओकायला लागली. ऑरिन मेकॅनिक म्हणाला, बाकी सगळं मी बघतो, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, तेवढा तुम्ही निवडा. मी लहान उंचवट्यांचा निवडला. मोठ्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, गाडी उभ्या उभ्या धडधडते आणि तुम्हा पुरुषांच्या कानांना बरं वाटतं. पण इंजिनची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होते, आणि माझे ब्रेक त्या ओढीच्या जोरावरच हलके चालतात. ऑपरेशननंतर उजव्या गुडघ्यात पूर्वीचा दम नाही. ब्रेक कडक झाले तर मला गाडी थांबवता येणार नाही, आणि मग कर्टिस किल्ली काढून घेईल. तो टपूनच आहे. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं, मी देणार नाही.

शुक्रवारी आइस्क्रीमच्या दुकानापुढे गावातले सगळे गाडीशौकीन आपापली बॉनेटं उघडून उभे होते. माझी निवड ऐकून हसले. हसू देत. त्यांच्यातला एकही जण आपल्या गाडीतून किराणा आणत नाही.

लोभ आहेच, वाद घातलास तरी राहील.
तुझी ताई, व्हर्ना

टुसान, अ‍ॅरिझोना
१९ मे १९८८

ती. ताईस लेलंडचा नमस्कार. दुखऱ्या गुडघ्याला वेगळा.

पत्र वाचून दाखवलं. नेडीन तुझ्या बाजूची झाली, त्यामुळे घरात सध्या माझं कोणी ऐकत नाही. पण ताई, असल्या गाडीत लहान कॅम म्हणजे वाघाला ओटची लापशी. एकेकाळी सिग्नलला तू शेजारी आलीस की लोक आवाजानेच गार व्हायचे. मोठा कॅम मी पोस्टाने पाठवलाय, माझ्याकडून भेट समज. ब्रेक झेपले नाहीत तर कर्टिस चालवेल, तू शेजारी ऐटीत बस. एकसष्टाव्या वर्षी एवढी ऐट पुरे.

जूनमध्ये येतोय. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा मला तिथे असायचंय. राग असेल तर तोवर जपून ठेव.
तुझा लेलंड

बे सिटी
२७ जून १९८८

चि. लेलंड, आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

तू होतास तोवर मी गप्प राहिले. परक्यांसमोर भावाचा पाणउतारा करायचा नव्हता. आता ऐक. तुझी भेट मी न उघडता परत केली तेव्हा तू हसलास. मला वाटलं, समजला. नवा कॅम पहिली वीस मिनिटं वेगातच फिरवायचा, मंद होऊ द्यायचा नाही, नाहीतर पुरेसं तेल न मिळून उंचवटे झिजतात. हे या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. इंजिन सुरू झाल्यावर मी रेडिएटरसाठी पाण्याची नळी आणायला गेले आणि तू वेग उतरवलास. कशासाठी, तर उभी गाडी कशी वाजते ते ऐकायला. ऑरिनने हात धरेपर्यंत तू डोळे मिटून ऐकत होतास म्हणे.

काल तेल काढलं, तर त्यात लोखंडाची चमचम. कॅम गेला. कर्टिस लगेच म्हणाला की हा इशारा समज आणि गाडी मला दे. मी त्याला सांगितलं, "कॅम मेलाय, मी नाही."

तोच लहान कॅम पुन्हा मागवलाय. या खेपेला ऑरिन सोडून कुणाही पुरुषाला गॅरेजात पाऊल टाकू देणार नाही.

लोभ सध्या बेताचाच.
ताई

टुसान
६ जुलै १९८८

ती. ताईस नमस्कार.

वेग उतरवायला हात आपोआप गेला. आपल्या गावच्या कुणाचाही गेला असता. त्याची माफी मागतोच, पण नेडीन म्हणते की खरं काय ते लिहिल्याशिवाय जेवायला मिळणार नाही. मोठा कॅम मी नुसत्या आवाजासाठी पाठवला नव्हता. ब्रेक कडक लागले की तू आपणहून किल्ली देशील, असं कर्टिसचं आणि माझं ठरलं होतं. तू एकटी हायवेवर असतेस, मला धास्ती वाटते ताई. दुसरं काही नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
लेलंड

स्प्रिंगफील्ड, मिझूरी
१२ सप्टेंबर १९८८

चि. लेलंड, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात रविवारी कर्टिसला जेवायला बोलावलं, खिम्याचा मीटलोफ वाढला आणि पत्र ताटाशेजारी ठेवलं. त्याने मान वर केली नाही, पण दोनदा वाढून घेतलं. धास्ती वाटते म्हणून आईला न थांबणारी गाडी द्यायची, ही कुठली माया, असं मी टेबलावर डाव आपटून त्याला विचारलं. इतका संताप झाला होता.

नवा कॅम बसला. वीस मिनिटं मी स्वतः अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून बसले. गुडघा ठणकला, पण पाय काढला नाही. मग कर्टिसला शेजारी बसवून चर्चमागच्या रिकाम्या मैदानात गाडी भरधाव नेली आणि त्याच दुखऱ्या पायाने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. कर्टिस बराच वेळ डॅशबोर्डला धरून होता. किल्लीचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

तुझ्याशी अबोला धरून घरीच बसणार होते. पण मी घरी बसावं हेच तर तुम्हा दोघांना हवं होतं. म्हणून गाडी काढली. इथे मैत्रिणीकडे आठवडाभर राहून पुढे तुझ्याकडे टुसानला निघेन, तोवर हे पत्र तुला मिळेल. आवाजावरून मी आल्याचं कळेल अशा भ्रमात राहू नकोस, काही ऐकू येणार नाही. फाटक उघड आणि वाटेत मधोमध उभा राहा. मी बरोबर तुझ्या बुटांपाशी थांबेन.

लोभ पहिल्यासारखाच.
तुझी ताई